यंत्र शब्द शोधते, अर्थ कोण शोधणार?

वकिलाच्या कचेरीत तुम्ही कधी ना कधी गेला असाल. भिंतीला लागून जाडजूड ग्रंथांची कपाटे, आणि चार पुस्तके उघडी टाकून निवाडे हुडकणारा ज्युनिअर. आपल्याला वाटते, वकील म्हणजे बोलणारा माणूस. खरे पाहता त्याचा पुष्कळसा वेळ शोधण्यात जातो.

हे काम यंत्राकडे सोपविण्याची हकीकत मोठी गमतीची आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्याच्या कायद्यांत मंदबुद्धी मुलांसाठी जो शब्द होता, तो काढून सौम्य शब्द घालायचे ठरले. विद्यार्थी कामाला लावले. त्यांनी कायदे वाचले, पुन्हा वाचले, तरी काही जागा निसटल्याच! तेव्हा पिट्सबर्ग विद्यापीठातील जॉन हॉर्टी यांनी सगळे कायदेच संगणकात भरले. प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाला जणू पत्ताच दिला. अमुक शब्द अमुक कायद्यात, अमुक ठिकाणी. १९६० साली वकिलांच्या सभेपुढे त्यांनी हा प्रयोग करून दाखविला.

पण यंत्र शोधते तो शब्द, अर्थ नव्हे. दुसऱ्याची शेती कसणारा तो कूळ, दुसऱ्याच्या घरात राहणारा तो भाडेकरू. इंग्रजीत मात्र दोघेही ‘टेनंट’! नुसते ‘टेनंट’ विचाराल, तर घराच्या भांडणात शेतीचे निवाडे येऊन पडतील. काय विचारावे हे कायदा जाणणाराच सांगू शकतो. म्हणून असे प्रोग्राम रचताना संगणकतज्ज्ञाच्या शेजारी वकील बसलेला हवा.

आताचे यंत्र तर वाक्येच्या वाक्ये रचून देते. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये, विमानात जखमी झालेल्या एका प्रवाशाच्या वकिलांनी ‘चॅटजीपीटी’ने पुरविलेले निवाडे कोर्टापुढे ठेवले. नावे होती, उतारे होते. खटले मात्र कधी झालेच नव्हते! कोर्टाने ५,००० डॉलर दंड केला. यंत्राची मदत घेणे हा गुन्हा नाही, पण पडताळून पाहण्याची जबाबदारी वकिलाचीच, असे कोर्टाने बजावले.

आपल्याकडे २०२३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ‘ई-एससीआर’वर आपले निवाडे विनामूल्य खुले केले. म्हणजे पडताळायला आता कपाटभर पुस्तकेही लागत नाहीत. यंत्र चुकले तर यंत्राचे काहीच जात नाही; घर जाते ते पक्षकाराचे. तेव्हा वकिलाने निवाडा दाखविला, की तुम्ही एवढेच विचारा: “साहेब, मूळ निवाडा आपण स्वतः वाचलात ना?”