सैनिकाच्या सेवेची नोंद आणि गावाचे कर्तव्य



सैन्यात नोकरी करून आलेला वृद्ध निवर्तला की त्याची पत्र्याची पेटी उघडली जाते. आत एखादे पदक निघते, कधी घडीवर फाटलेला कागद. विधवेला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पुरावा हवा असतो; आजोबा कोणत्या आघाडीवर होते, हे नातवास जाणून घ्यावयाचे असते. परंतु पलटणीचे नावही घरात कोणास ठाऊक नसते.

अशा वेळी नोंद नष्ट झाली असे समजून कुटुंबे स्वस्थ बसतात. वस्तुतः सैनिकाची कागदपत्रे त्याच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात असतात. महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशातील सागर येथे, तर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगाव येथे आहे. सेवापत्रक निवृत्तिवेतनधारकाच्या बाबतीत ५० वर्षे व इतरांच्या बाबतीत २५ वर्षे जतन करण्याचा नियम आहे. त्यानंतर ते नष्ट केले, तरी ‘लाँग रोल’ या कायम नोंदवहीत सैनिकाची नोंद राहते. म्हणून ‘सेवापत्रक उपलब्ध नाही’ असे उत्तर आल्यास लाँग रोलमधील उतारा मागावा.

या शोधाची किल्ली म्हणजे सैन्यक्रमांक. तो डिस्चार्ज बुकात सापडतो. पहिल्या महायुद्धातील आणि स्वातंत्र्योत्तर काळातील पदकांच्या कडेवरही क्रमांक, हुद्दा व नाव कोरलेले असते. त्यामुळे पदक घासून उजळू नये, आणि विकू तर मुळीच नये.

यवतमाळ जिल्ह्यापुरती आणखी एक अडचण आहे. १९०५ पर्यंत हा वणी जिल्हा होता. वऱ्हाडचा हा भाग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० पासून महाराष्ट्रात आहे. जुन्या कागदांत ‘येवतमाळ’, ‘वऱ्हाड’, ‘मध्यप्रांत’ असे पत्ते आढळतात. नावांची वर्णलेखने तर कारकुनागणिक बदलतात. अर्जात ही सर्व रूपे नमूद करावीत.

युद्धात मरण आले असल्यास राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो. तथापि तेथेही उणिवा आहेत. १९२९ मध्ये अनावरण झालेल्या बसरा येथील स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य शिपायांची मात्र केवळ संख्या. अशा विषम वागणुकीबद्दल आयोगाने २०२१ मध्ये क्षमा मागितली. गरिबाची नोंद प्रथम गहाळ होते, हा त्याचा अर्थ.

येथेच ग्रामपंचायत व शाळा यांचे साहाय्य मोलाचे ठरते. शाळेच्या दाखलखारीज नोंदवहीत जन्मतारीख व वडिलांचे नाव मिळते. कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. ग्रामसेवक व शिक्षक यांनी हे उतारे विनाविलंब द्यावेत, आणि कुटुंबाचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अभिलेख कार्यालयाकडे जाईल असे पाहावे. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांच्या विधवांना राज्य शासन मासिक अनुदान देते. त्यासाठीही सेवेचा पुरावा लागतो.

प्रत्येक पंचायतीने आपल्या गावातील आजी, माजी व दिवंगत सैनिकांची नावे, सैन्यक्रमांक आणि पलटणी यांची एक वही ठेवावी. वृद्ध मंडळी हयात आहेत तोवरच ती भरता येईल. तिला खर्च जवळजवळ नाही; परंतु एखाद्या विधवेची वर्षानुवर्षांची पायपीट ती वाचवू शकेल.