कड्यांचा प्रवास

आपल्या भिलाई मार्शलिंग यार्डात वॅगन कुठे उभी आहे एवढेच नव्हे, कुठल्या मार्गाने आली हेही पाहावे लागते. गणितात कड्यांचेही तसेच.

दोन सुट्या बांगड्यांची बाजूबाजूने दोनदा अदलाबदल केली, तर काहीच न केल्यासारखे. पण दर वेळी एक दुसरीतून पार नेली, तर जागा परत मिळतात, प्रवास पुसला जात नाही; तो उलट चालीनेच फिटतो. साखळीच्या कड्या तर सुटतच नाहीत. एकमेकींना सांभाळूनच हलतात. अशा चालींच्या समूहांचा अभ्यास १९६२ मध्ये डाम यांनी प्रबंधात केला. १९८१ मध्ये गोल्डस्मिथ यांनी तो सविस्तर मांडला.

आपणही गाव सोडून इथे आलो. सुट्टीत घरी जातो, ओसरी तीच असते. आपण मात्र भिलाईतून पार झालेले असतो.

गणपती बाप्पा मोरया!