भक्ती बर्वे : रंगभूमीवरचे काम



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा किमान वेतन किंवा माथाडी कायदा असले काही उत्तर त्यांना अपेक्षित असावे. मी भक्ती बर्वे यांचे नाव सांगितल्यावर दोघेतिघे एकमेकांकडे पाहू लागले. सातवीनंतर शाळा सुटलेल्या, हमाल-मापाड्यांत वावरणाऱ्या माणसाचा नाटकाच्या नटीशी संबंध काय? संबंध आपल्या भाषेनेच जोडून ठेवला आहे. आपण म्हणतो, अमक्या बाईने अमक्या नाटकात 'काम' केले. शब्द नेमका आहे. त्याचा अर्थ तेवढा आपण मनावर घेत नाही.

भक्तीबाई १९४८ साली सांगलीत जन्मल्या. मुंबईत सुधा करमरकर यांच्या बालरंगभूमीपासून त्यांची सुरुवात झाली. पुढे त्या आकाशवाणीवर निवेदिका झाल्या. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि त्या केंद्रावरून मराठी बातम्या देणाऱ्यांत त्यांचा आवाज घराघरांत ओळखीचा झाला. स्वच्छ, ठाशीव, एकही अक्षर न गिळणारा आवाज. शुद्ध मराठी कशी बोलावी, याचा जणू तो सरकारी नमुनाच.

आणि याच बाईंनी १९७५ साली 'ती फुलराणी'तली मंजुळा उभी केली! बर्नार्ड शॉ या आयरिश नाटककाराच्या 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांडे यांनी हे नाटक लिहिले. शॉची एलायझा लंडनच्या बाजारात फुले विकते. पुलंची मंजुळा साळुंखे आपल्या इथली. भाषेचा एक प्राध्यापक तिची बोली ऐकून नाक मुरडतो आणि पैज मारतो, की या पोरीला मी अशी बोलायला शिकवीन की लोक तिला खानदानी घरातली समजतील. प्राध्यापक होते सतीश दुभाषी. जोडीला जोड होती.

मंडळी, आपल्या माहुरात ही गोष्ट सांगावी लागते का? रेणुकामातेच्या गडावर पायऱ्यांशी हारफुले आणि ओटीचे सामान विकणाऱ्या बायकांची बोली ऐका. तीत वऱ्हाडी आहे, गोरमाटी आहे, कुठे तेलुगूचा हेल आहे, कुठे गोंडीचा शब्द आहे. यात्रेकरू पाच मिनिटे ऐकतो आणि 'गंमत आहे' म्हणून हसतो. आपला मुलगा पुण्याच्या कचेरीत तोंड उघडतो, तेव्हा तेच हसू त्याच्या वाट्याला येते. नोकरी कधी कधी तिथेच जाते. अर्जावर मात्र कारण दुसरे लिहिलेले असते.

म्हणून मला भक्तीबाईंचे मोल वाटते. ज्या गळ्यातून प्रमाण मराठी यायची, त्याच गळ्याने मंजुळेची बोली बोलायची. तीही नक्कल न वाटता, तिच्यामागची भूक आणि ताठा यांसह. प्रेक्षक आधी मंजुळेला हसतात. मग ती एकटीच रंगमंचावर उभी राहून मास्तरावर सूड उगवण्याची स्वप्ने रंगवते, ते सुप्रसिद्ध स्वगत येते. तिथेही हसूच येते, पण आता ते मास्तराला येते. एका बाईने केवळ आवाजाच्या जोरावर सगळ्या थिएटरची बाजू बदलावी, हे काम सोपे नाही.

शॉने शेवटी एक कडू प्रश्न ठेवला आहे. एलायझा विचारते, की बोलणे सुधारले, आता मी करू काय? फुले विकायला ती उरली नाही आणि बाईसाहेब होण्याइतका पैसा नाही. नांदेडची कापडगिरणी बंद पडली, त्यानंतर तिथल्या कामगारांना हा प्रश्न कुणी शिकवावा लागला नाही. कसब हातात आहे, साचा नाही!

दुसरे नाटक अशोक पाटोळे यांचे, 'आई रिटायर होतेय'. नाटकातली आई घरकामातून निवृत्त होत असल्याचे जाहीर करते आणि घर हादरते. भक्तीबाईंची ही भूमिका फार गाजली. आम्ही आठ तासांच्या कामासाठी सभा घेतो, आणि त्याच सभेतून भगिनी लवकर उठतात, कारण घरी चूल वाट पाहत असते. त्या दुसऱ्या पाळीची नोंद कोणत्याच हजेरीपटावर नाही. युनियनच्या पुढाऱ्यांनी हे नाटक सहकुटुंब पाहावे. मुख्यतः सहकुटुंब!

हिंदी चित्रपटातही त्या आल्या. 'जाने भी दो यारो' (१९८३) मधली कावेबाज संपादिका पाहिलेल्यांना चेहरा आठवेल. १९९० साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पती शफी इनामदार, तेही नटच, १९९६ साली गेले. बाईंचे काम चालूच राहिले.

आता कामाच्या अटींविषयी. मराठी नटाला महिन्याचा पगार नसतो. प्रयोगामागे 'नाइट' मिळते. म्हणजे रोजंदारीच. प्रयोग नाही तर नाइट नाही. प्रयोग आज एका गावी, उद्या दुसऱ्या. रात्री पडदा पडला की गाडीत बसायचे आणि झोप मिळेल तेवढी घ्यायची. भक्तीबाई वाईला 'पु. ल., फुलराणी आणि मी' हा आपला एकपात्री कार्यक्रम करून मुंबईकडे परतत होत्या. पुलंना जाऊन तेव्हा आठच महिने झाले होते. १२ फेब्रुवारी २००१ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, भातण बोगद्याजवळ, मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. वय बावन्न.

वर्तमानपत्रांनी रंगभूमीचे नुकसान झाले असे लिहिले, ते खरेच. पण गिरणीतला माणूस कामावर दगावला, तर त्याच्या घरच्यांना भरपाई मागता यावी म्हणून १९२३ सालीच या देशात कायदा झाला. नाइटवर जगणाऱ्याचा मालक कोण, कामाची जागा कोणती, आणि परतीचा रस्ता त्या जागेत धरायचा की नाही? वृद्ध कलावंतांना सरकार मानधन देते, ते चांगलेच. पण त्यासाठी आधी वृद्ध व्हावे लागते. आणि हे नावाजलेल्या नटीचे झाले. नेपथ्य उभारणारे, दिवे लावणारे, कपडेपट सांभाळणारे त्याच रस्त्यांवरून, सामानासकट, रात्री परततात.

मंजुळेची भूमिका पुढे अमृता सुभाष यांनी केली, हेमांगी कवी यांनी केली. नाटकाची गाडी अजून गावोगाव जाते. आपल्याकडे आली, तर प्रयोग संपल्यावर लगेच घरी न जाता थोडे मागच्या दाराशी थांबा. सामान चढवणाऱ्यांना विचारा, जेवलात का, आणि आता किती मैल जायचे आहे.