रिसीव्हर कुठे लावायचा? तीन नियम आणि एक पाव इंची स्क्रू

आजचा भाग आहे वायरलेस कॉलर माईकवाल्यांसाठी. म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांसाठी, कारण हल्ली हा माईक ज्याच्या त्याच्या बॅगेत असतो.

माईक कुठला घ्यावा यावर तुम्हाला हवे तितके व्हिडिओ मिळतील. तो कॉलरला कसा लावायचा हेही सगळे सांगतात. पण त्या जोडीतला दुसरा तुकडा, म्हणजे रिसीव्हर, तो कॅमेऱ्यावर किंवा ट्रायपॉडवर कुठे बसवायचा, यावर कोणी फारसं बोलत नाही. मग तो बिचारा वायरीला लोंबकळत राहतो, नाहीतर रबरबँडने ट्रायपॉडच्या पायाला बांधला जातो, नाहीतर थेट शूट करणाऱ्याच्या खिशात जातो.

हा विषय आज घ्यायचं कारण म्हणजे एका श्रोतीचा मेसेज. ती दिवाळीला गावी जाणार आहे आणि आजी जात्यावर ज्या ओव्या म्हणते त्या तिला रेकॉर्ड करायच्यात. तिने विचारलं, "मोबाईल ट्रायपॉडवर लावला तर रिसीव्हरचं काय करू?" प्रश्न साधा वाटतो, पण विचार करा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी सुरू केलेल्या कामातून लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या आणि आज त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर आहेत. तरी तुमच्या आजीची ओवी त्यात असेलच असं नाही. आणि ऐंशीच्या घरातल्या बाईला "आजी, आवाज तुटला, परत म्हण" असं किती वेळा सांगणार? तिला सूर लागतो तेव्हा लागतो. तेव्हा हे नीट समजून घेऊ.

पहिला नियम: रिसीव्हरला माईक दिसला पाहिजे.

रिसीव्हरला आवाज ऐकू येत नाही. त्याच्याशेजारी तुम्ही टाळ्या वाजवल्या तरी रेकॉर्डिंगमध्ये फरक पडत नाही. तो फक्त रेडिओ लहरी पकडतो. आपल्याकडचे बहुतेक छोटे माईक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभरही नाही. इतक्या आखूड लहरीला माणसाचं शरीर ही भिंतच असते, कारण शरीरात पाणी भरपूर आणि पाणी ही लहर शोषून घेतं. म्हणून बोलणारा पाठ करून वळला की आवाज तुटतो. तुम्ही रिसीव्हर मागच्या खिशात ठेवून समोर उभे राहिलात, तरी तेच होतं, फक्त मध्ये तुमचं स्वतःचं शरीर येतं.

मग जागा कुठली? उंच आणि मोकळी. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवायची खाच असते, तिला शू म्हणतात. तिथे विजेचे संपर्क असतील तर हॉट शू, नुसती खाच असेल तर कोल्ड शू. बऱ्याच रिसीव्हरच्या मागची क्लिप त्या खाचेत सरकते. २०१९ साली आलेल्या रोडच्या वायरलेस गोची क्लिप तर मुद्दाम तशीच बनवली होती. तुमच्या रिसीव्हरची क्लिप सैल बसत असेल तर तिच्यावर टेपचा एक वेढा द्या, घट्ट होईल. कीर्तनाला किंवा सभेला पुढची माणसं उभी राहिली तर त्यांच्या डोक्यांच्या वर रिसीव्हर हवा, हे ट्रायपॉडची उंची ठरवतानाच लक्षात ठेवा.

दुसरा नियम: कॅमेरा फिरतो त्या भागावरच रिसीव्हर बसवा.

ट्रायपॉडचं डोकं फिरतं, पाय फिरत नाहीत. रिसीव्हर पायाला बांधला आणि वायर कॅमेऱ्यात गेली, की पॅन करताना वायर ताणली जाते. दोनदा ताणली तर पिन ढिली होते, तिसऱ्यांदा खर्र आवाज येतो, आणि हे तुम्हाला घरी जाऊन एडिटिंगला बसल्यावर कळतं. म्हणून रिसीव्हर डोक्याच्या वरच्या बाजूला हवा: शूमध्ये, कॅमेऱ्याच्या केजवर किंवा प्लेटला जोडलेल्या पट्टीवर. गिंबल वापरत असाल तर आधी रिसीव्हर बसवा, मग बॅलन्स करा. तीसेक ग्रॅम वजन असलं तरी गिंबलला ते जाणवतं.

इथे पाव इंची स्क्रू कामाला येतो. कॅमेऱ्याखालचं भोक, मोबाईल होल्डरखालचं भोक, बहुतेक पट्ट्या आणि अडॅप्टर, सगळीकडे हाच स्क्रू: पाव इंच जाडी, इंचाला २० आटे. मोठ्या ट्रायपॉडवर आणि काही माईक स्टँडवर तीन सुताचा, म्हणजे तीन अष्टमांश इंचाचा असतो, त्यासाठी छोटं पितळी अडॅप्टर मिळतं. हार्डवेअरच्या दुकानातून बोल्ट आणणार असाल तर दोन गोष्टी बघा. ६ एमएमचा बोल्ट दिसायला तसाच असतो, पण त्याचे आटे वेगळे, जबरदस्ती केली तर कॅमेऱ्याचे आटे मरतील. आणि बोल्ट लांब नको, कॅमेऱ्याचं भोक उथळ असतं.

तिसरा नियम: वजन स्क्रूवर, वायरीवर नाही.

वायरीचं काम आवाज नेणं, रिसीव्हर उचलून धरणं नाही. म्हणून वायरीला थोडी ढील ठेवा, एक छोटा वेढा करा आणि तो व्हेलक्रोच्या पट्टीने कॅमेऱ्याच्या हँडलला किंवा ट्रायपॉडच्या डोक्याला बांधा. कोणाचा हात वायरीत अडकला तर झटका पट्टीला बसेल, पिनेला नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत माईकचं भोक उघडणाऱ्या स्क्रीनच्या मागेच असतं, तिथे एल आकाराची पिन घ्या, नाहीतर स्क्रीन वळणारच नाही.

पिनेचंही एक बघून घ्या. कॅमेऱ्याला दोन काळ्या रेषांची पिन लागते, मोबाईलच्या हेडफोनच्या भोकाला तीन रेषांची. मोबाईलला दोन रेषांची लावली तर तो माईक ओळखतच नाही आणि खुशाल स्वतःच्या माईकवर रेकॉर्ड करत बसतो. स्क्रीनवर आवाजाची पट्टी हलताना दिसते, म्हणून शंकाही येत नाही.

आता खास मोबाईलवाल्यांसाठी. हल्लीचा रिसीव्हर सरळ चार्जिंगच्या पोर्टमध्ये घुसतो. सोय छान आहे, पण उभा मोबाईल होल्डरमध्ये लावला की रिसीव्हर खाली येतो आणि होल्डरच्या जबड्याला टेकतो. सगळा दाब पोर्टवर. मोबाईल आडवा लावा, म्हणजे रिसीव्हर बाजूला मोकळा राहतो. उभाच व्हिडिओ हवा असेल तर वर कोल्ड शू असलेला होल्डर घ्या आणि रिसीव्हरला वायरीचा पर्याय असेल तर तो तिथे बसवा. जाड कव्हर असेल तर काढून टाका, पिन पूर्ण आत जात नाही.

आणि मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका. वायफाय आणि ब्लूटूथही हाताने बंद करा, हॉटस्पॉट तर नकोच. वायफाय बऱ्याचदा त्याच २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि ते रिसीव्हरपासून चार बोटांवर असतं. शिवाय ऐन ओवीत मामाचा फोन येणार नाही, हा फायदा वेगळाच!

मग आजीच्या जात्यासमोर कसं मांडायचं? आजी खाली बसणार, म्हणून ट्रायपॉडचे पाय आखूड करा, कॅमेरा तिच्या छातीच्या उंचीला आणा. अंतर पाच-सहा फूट पुरे. जातं ओढताना ती पुढे-मागे झुकते, तेव्हा माईक खांद्यावरच्या पदराच्या घडीला लावा, पण पदर त्याच्यावर घासणार नाही असा. रिसीव्हरची स्क्रीन तुमच्याकडे ठेवा, म्हणजे बॅटरी आणि आवाजाची पातळी तिला न थांबवता दिसेल. ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्ड करायची सोय असेल तर ती चालू करा. हवेत काही तुटलं तरी मूळ आवाज माईकमध्ये शिल्लक राहतो. आणि जात्याची घरघर येते म्हणून माईक पार गळ्याशी नेऊ नका. ती घरघर त्या गाण्याचाच भाग आहे.

शेवटी एक मिनिटाची परीक्षा. रेकॉर्डिंग सुरू करा. मोबाईलच्या किंवा कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माईकवर नखाने खरवडा, मग कॉलर माईकवर हलकेच खरवडा. मग कोणाला तरी माईक लावून पाठमोरं वळायला सांगा, कॅमेरा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आता हेडफोन लावून ऐका. फक्त कॉलर माईकचीच खरखर आली, वळताना आवाज तुटला नाही आणि फिरवताना खर्र झालं नाही, तर तुमची मांडणी पक्की. यातलं एक जरी बिघडलं, तर समोरच्या माणसाने तोंड उघडायच्या आधी ते दुरुस्त करा.

एवढंच आजचं. तुमच्या घरात किंवा गल्लीत गाणारं, गोष्टी सांगणारं, जुनं काम हाताने करणारं कोण आहे, ते मला कळवा. आणि मला कळवून थांबू नका, या रविवारी ट्रायपॉड घेऊन त्यांच्याकडे जा. भेटू पुढच्या भागात!