सुटकेनंतरचे अभयदान
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



अंतगडदसांग सूत्रातील अर्जुनमाळ्याची कथा अनेकांनी पर्युषणात श्रवण केलेली आहे. यक्षाच्या आवेशात प्रतिदिन सात जणांचा वध करणाऱ्या त्या माळ्याला सामोरे गेले ते सुदर्शन श्रेष्ठी, एक गृहस्थ श्रावक. प्रभू महावीरांनी त्याला दीक्षा दिली. परंतु तो गोचरीस निघाला तेव्हा राजगृहीच्या लोकांनी त्याला शिव्या दिल्या, ताडन केले. प्रभूंनी स्वीकारलेला जीव नगराने मात्र नाकारला.

आजही कारागृहातून सुटलेल्या माणसाचा हाच अनुभव असतो. खोली मागितली तर मालक नकार देतो, नोकरी मागितली तर पूर्वचारित्र्य विचारले जाते. व्यापारी फिटलेली बाकी पुन्हा पुढच्या वहीत ओढत नाही. शिक्षा भोगलेल्याची बाकी मात्र समाज आयुष्यभर ओढत राहतो. शिवाय २०२२ च्या अखेरीस देशातील दर चार बंदिवानांपैकी सुमारे तीन जण कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा दोष अद्याप सिद्धही झालेला नव्हता.

महाराष्ट्राने याबाबत थोर उदाहरण घालून दिले आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही खुली वसाहत वसविली. तेथे बंदिवान भिंतींवाचून राहिले, त्यांनी शेती केली. यावरूनच व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) निर्माण झाला. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून या क्षेत्रात कार्यरत आहे.

गोरेगावातील व्यापाऱ्यांना हे कार्य अशक्य नाही. पहिल्याच दिवशी गल्ला सोपवावा, असे कोणी म्हणत नाही. तागे लावणे, घड्या घालणे, माल पोहोचविणे ही कामे द्यावीत; पगार बँकेत जमा करावा; विश्वास हळूहळू वाढवावा. एखादा चुकेलही, म्हणून इतरांना दार बंद करू नये. पूर्वायुष्याची चर्चा दुकानात होऊ न देणे, हेही दानच होय.

ज्या ट्रस्टने पन्नास वर्षे जीवदया जोपासली, त्याने आता मनुष्यजीवाच्या भयाचाही विचार करावा. प्रतिवर्षी एका माणसाला जरी उभे केले, तरी संवत्सरीचे 'मिच्छामि दुक्कडम्' सार्थ होईल. राजगृहीचे नगर व्हावे की सुदर्शन श्रेष्ठी, हे समाजानेच ठरवावयाचे आहे.

जय जिनेंद्र!