पावलांतील नाडी

मी वैद्य नाहीं आणि डॉक्टरही नाहीं. माझा उभा जन्म मुलांना गणित आणि सृष्टिविज्ञान शिकविण्यांत गेला. अशा माणसानें रक्तवाहिन्यांच्या विकारांवर व शस्त्रक्रियेवर बोलावें, हें कांहीं श्रोत्यांस धारिष्टाचें वाटेल. परंतु या विषयाचा धडा मला माझ्या उजव्या पोटरीनें दिला आहे, आणि शिकलेला धडा दुसऱ्यास सांगितल्यावांचून शिक्षकास चैन पडत नाहीं.

सेवानिवृत्तीनंतर रोज सकाळीं फिरावयास जाण्याचा माझा परिपाठ होता. पुढें असें होऊं लागलें कीं, रस्त्याच्या टोकाच्या पिंपळापाशीं पोंचलों म्हणजे पोटरींत गोळा यावा, दोन मिनिटें उभें राहिलें म्हणजे तो जावा, आणि पुन्हां तितकेंच अंतर चाललें कीं पुन्हां यावा. मीं त्यास वात म्हटलें, तेल लावलें, शेक घेतला. कांहीं महिन्यांनीं पिंपळ दूर राहिला आणि टपालाच्या पेटीपाशींच थांबावें लागूं लागलें. तरी मी डॉक्टरांकडे गेलों नाहीं. याचें खरें कारण सांगावयास आज मला लाज वाटते. ते पहिला प्रश्न विडीचा विचारतील, हें मला ठाऊक होतें. आणि मुलांपासून लपवून चाळीस वर्षें सांभाळलेली ती सोबत सोडण्याची माझी तयारी नव्हती.

शेवटीं एके दिवशीं पाय चेपतांना थोरली मुलगी म्हणाली, “बाबा, तुमचें हें पाऊल दुसऱ्यापेक्षां गार कसें लागतें?” आणि तिनें मला ओढूनच नेलें.

डॉक्टरांनीं माझें मनगट धरलें नाहीं. त्यांनीं दोन बोटें पावलाच्या वरच्या बाजूस ठेविलीं, मग आंतल्या घोट्याच्या मागें. डाव्या पायांत तेथें नाडी लागत होती, उजव्यांत लागत नव्हती. नंतर त्यांनीं दंडास व घोट्याजवळ पट्टा बांधून दोन्हीं ठिकाणचा रक्तदाब मोजला आणि घोट्याच्या दाबास दंडाच्या दाबानें भागलें. निरोगी माणसांत हा भागाकार १ किंवा किंचित् अधिक येतो, ०.९ अथवा त्याखालीं आला तर पायाची वाहिनी अरुंद झाली असें समजतात. माझा आला ०.६. मधुमेही माणसाच्या वाहिन्या कधीं कधीं इतक्या कठीण होतात कीं पट्ट्यानें दबत नाहींत, आणि हा आंकडा फसवा येतो. अशा वेळीं पायाच्या अंगठ्यांतील दाब मोजावा लागतो.

विकाराचें स्वरूप साधें आहे. रोहिणी, म्हणजे ज्यांस हल्लीं धमन्या म्हणतात, त्यांच्या आंतून चरबीचा थर बसतो. नळांत क्षार बसावा तसा. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होतो, असें आपणांस वाटेल. पण दाब तितकाच असतां प्रवाह त्रिज्येच्या चतुर्थ घाताप्रमाणें बदलतो, म्हणून तो सोळाव्या हिश्शावर येतो! शरीरांतील वाहिन्यांस हा नियम तंतोतंत लागू पडत नाहीं. तरी थोड्या अरुंदपणानें मोठें नुकसान कसें होतें, तें यावरून कळेल.

अशा वाहिनीची डागडुजी करण्याची विद्या फार जुनी नाहीं. जून १८९४ मध्यें फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांस लिऑन शहरीं एकानें सुरा मारला. यकृताकडे जाणारी मोठी नीला तुटली, आणि ती शिवण्याची रीत कोणासच ठाऊक नसल्यामुळें ते दगावले. त्याच शहरांत वैद्यक शिकणाऱ्या आलेक्सी कारेल या तरुणाच्या मनास ही गोष्ट लागली. त्यानें एका कशिदेकाम करणाऱ्या बाईकडून बारीक सुईचें काम शिकून घेतलें. तीन टांके घेऊन वाहिनीचें वाटोळें तोंड त्रिकोणी ताणावयाचें आणि मग एकेक सरळ बाजू शिवावयाची, ही त्याची युक्ति. तिच्यासह त्याच्या कार्याबद्दल १९१२ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें.

पुढें १९४८ सालीं पॅरिस येथें झां कुन्लिन यांनीं रोग्याचीच नीला घेऊन बंद पडलेल्या रोहिणीस बाजूनें वळणरस्ता काढून दिला. नीलेंत एकाच दिशेनें उघडणारीं दारें असतात, म्हणून ती उलटी करून जोडावी लागते. नंतर १६ जानेवारी १९६४ रोजीं अमेरिकेंतील पोर्टलंड येथें चार्ल्स डॉटर यांच्यापुढें ८२ वर्षांची एक वृद्धा आली. पाय कापण्यास तिनें साफ नकार दिला होता. डॉटर यांनीं वाहिनींतून नळ्या सरकवून वाट रुंद केली, पाय वांचला. १९७४ मध्यें आंद्रेआस ग्रुन्ट्झिग यांनीं याच कामासाठीं नळीच्या टोकाशीं फुगा बसविला.

मात्र प्रत्येकास शस्त्र लागतें असें नाहीं. मला डॉक्टरांनीं विडी सोडावयास सांगितलें, रक्त गोठूं न देणारी व चरबी कमी करणारी औषधें दिलीं, आणि दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हां चाला, असा नेम घालून दिला. विश्रांतींतही पाय ठणकूं लागला, जखम भरेना किंवा बोट काळें पडूं लागलें, तर मात्र शस्त्रवैद्याकडे जाण्यास विलंब करूं नये. आणि पाय एकाएकीं पांढरा, गार व बधिर होऊन असह्य दुखूं लागला, तर घड्याळ पाहावें. अशा पायास वाचविण्यास सुमारें सहा तासच हातीं असतात.

माझ्या एका सहशिक्षकांस मधुमेह होता. नख काढतांना झालेली जखम त्यांस दुखली नाहीं, कारण मधुमेहानें पायाची जाणीवच गेली होती. घरच्या घरीं हळद भरण्यांत त्यांचे तीन आठवडे गेले. ते रुग्णालयांत गेले तेव्हां त्यांचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. त्यांस दुःख कळलें नाहीं म्हणून उशीर झाला. मला कळत असून मीं केला. दोघांत अधिक दोषी कोण, याचें उत्तर मला ठाऊक आहे.

विडी सोडून मला चौदा महिने झाले. गेल्या महिन्यांत मी न थांबतां पिंपळापर्यंत गेलों. तेव्हां श्रोतेहो, आज रात्रीं निजण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांचीं पावलें हातांत घेऊन पाहा. एक पाऊल दुसऱ्यापेक्षां गार लागलें, किंवा बोटांच्या बेचक्यांत न भरलेली जखम दिसली, तर उद्यां सकाळींच त्यांस डॉक्टरांकडे न्या. त्यांनीं नको म्हटलें तरी न्या. माझ्या मुलीनें तसेंच केलें.