सुईणीचा हात आणि शास्त्राची साथ

(माता-बाल आरोग्याचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



मातृशक्तीचा गौरव हा आपल्या व्यासपीठांवरील नित्याचा विषय आहे. आज मात्र मला त्या गौरवाची कसोटी जेथे लागते, त्या जागेविषयी बोलावयाचे आहे. ती जागा म्हणजे प्रसूतिगृहातील खाट. वेणा सुरू झालेल्या स्त्रीच्या उशाशी कोण बसते, तिच्याशी कोणत्या शब्दांत बोलते आणि बाळंतीण घरी गेल्यावर तिची विचारपूस कोण करते, यावरून समाजाची मातृभक्ती मोजावी, असे मला वाटते.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा गांभीर्याने विचार केला होता. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांच्या शारीरस्थानात गर्भिणीच्या महिनावार परिचर्येचे आणि सूतिकेच्या काळजीचे विवेचन आहे. सूतिकागारात कोणत्या स्त्रिया असाव्यात, हे सांगताना चरकसंहिता त्यांच्या अनुभवाबरोबरच स्वभावाचाही विचार करते. त्या अनेकदा प्रसूत झालेल्या असाव्यात, कामात कुशल असाव्यात, पण त्याचबरोबर प्रेमळ, न खचणाऱ्या आणि कष्ट सोसणाऱ्याही असाव्यात. कौशल्य आणि वात्सल्य या दोन्हींचा आग्रह धरणारी ही दृष्टी आजही जुनी झालेली नाही.

तथापि परंपरेचा अभिमान बाळगताना तिच्या उणिवांकडे डोळेझाक करणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण नव्हे. बाळंतिणीची अंधारी, कोंदट खोली, नाळ कापण्यासाठी वापरलेले अस्वच्छ हत्यार, त्यातून होणारा नवजाताचा धनुर्वात आणि पहिला चीक पिळून टाकण्याची रूढी यांनी किती बालके आणि माता गिळल्या, याची मोजदाद नाही. आनंदीबाई जोशी यांचे मूल अवघ्या दहा दिवसांचे असताना गेले. त्या दुःखातून उभी राहिलेली ही स्त्री १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर होऊन बाहेर पडली. तेथे त्यांनी प्रबंधासाठी निवडलेला विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. आपल्या ज्ञानपरंपरेचे भान आणि आधुनिक विद्येचा स्वीकार यांत त्यांना विरोध दिसला नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. गावातील सुईण ही अनेक ठिकाणी समाजाने दूर ठेवलेल्या जातींतील असे. वंशाचा दिवा तिच्या हातांनी जगात यायचा, परंतु पाचवी-बारशाच्या सोहळ्यात तिला उंबऱ्याबाहेर बसावे लागे. ज्या हातांनी जन्म दिला ते हात अस्पृश्य ठरवणारा समाज त्या हातांना विद्या कशी देणार? सुईणीचे शास्त्र खुंटले, याचे एक मोठे कारण या विषमतेत आहे. समरसतेचा विचार करणाऱ्यांनी हे विसरता कामा नये.

पुढे प्रसूती घरातून रुग्णालयात गेली आणि त्याचे फार मोठे लाभ झाले. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत रुग्णालयीन प्रसूतींचे प्रमाण सुमारे २६ टक्के होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते ८८.६ टक्क्यांवर पोहोचले. २००४-०६ मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे देशात २५४ माता मृत्युमुखी पडत. २०१८-२० मध्ये ही संख्या ९७ झाली. महाराष्ट्रात याच काळात ती १३० वरून ३३ वर आली. यामागे २००५ ची जननी सुरक्षा योजना आहे, आशा भगिनींची पायपीट आहे. ‘पूर्वी घरीच सगळे सुखरूप होत असे’ असे म्हणणाऱ्यांनी या आकड्यांपुढे नम्र व्हावे.

परंतु याच यशाला दुसरी बाजू आहे. २०१९-२१ च्या त्याच पाहणीनुसार सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. शस्त्रक्रिया हे वरदान आहे. तिच्यामुळे असंख्य प्राण वाचतात. मात्र सिझेरियनचे प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे गेल्यावर केवळ त्या वाढीमुळे माता-बालमृत्यू आणखी घटत असल्याचे समाजांच्या पातळीवर दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये नमूद केले. अनावश्यक शस्त्रक्रियेचा जाच पुढच्या गर्भारपणातही भोगावा लागू शकतो. येथे केवळ डॉक्टरांना दोष देऊन भागणार नाही. पंचांगातील मुहूर्त काढून शस्त्रक्रियेची वेळ मागणारी सुशिक्षित कुटुंबे आपल्याच ओळखीत आहेत. जन्मवेळेवरून पत्रिका मांडावयाची, की पत्रिकेवरून जन्मवेळ ठरवावयाची, याचा विचार आपणच केला पाहिजे.

मग घरची अडाणी सुईण आणि रुग्णालयातील घाई या दोहोंच्या मध्ये काही मार्ग आहे काय? आहे. तो म्हणजे प्रशिक्षित प्रसाविका. केंद्र सरकारने २०१८ च्या डिसेंबरमध्ये प्रसाविका सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार पात्र परिचारिकेला अठरा महिन्यांचे स्वतंत्र प्रशिक्षण देऊन, जेथे शस्त्रक्रिया आणि रक्ताची सोय आहे अशा रुग्णालयांत प्रसाविकांचे कक्ष चालवावयाचे आहेत. तेलंगणात सिझेरियनचे प्रमाण साठ टक्क्यांवर गेल्याचे २०१९-२१ च्या पाहणीत दिसले. त्याच राज्याने २०१७ मध्ये हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलच्या साहाय्याने सरकारी परिचारिकांना असे प्रशिक्षण देण्यास आरंभ केला होता.

प्रसाविका करते काय? गर्भारपणात ती रक्तदाब, हिमोग्लोबिन, बाळाची वाढ यांवर लक्ष ठेवते आणि मनातील भीती ऐकून घेते. वेणांच्या वेळी ती स्त्रीला उताणे निजवून ठेवत नाही; हिंडू-फिरू देते, पाणी पाजते, पाठ चोळते, घरच्या एका स्त्रीला सोबत राहू देते आणि त्याच वेळी बाळाचे ठोके व प्रसूतीची प्रगती तक्त्यावर नोंदवत राहते. बाळ जन्मताच रक्तस्राव रोखण्याचे इंजेक्शन देणे, नाळ कापण्याची घाई न करणे, बाळाला आईच्या छातीशी देऊन पहिल्या तासात चीक पाजणे, हे सारे तिच्या शिक्षणाचा भाग आहे. काही वावगे दिसताच ती डॉक्टरांना बोलावते. सहज प्रसूतीची राखण तिने करावी आणि गुंतागुंत डॉक्टरांनी हाताळावी, अशी ही विभागणी आहे. त्यात स्पर्धा नाही. अनेक देशांतील चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून असे दिसते की, एकाच प्रसाविकेची वा छोट्या गटाची सलग सोबत मिळालेल्या स्त्रियांत सहज प्रसूती अधिक होतात, उपकरणांचा वापर कमी होतो आणि समाधानही अधिक असते.

प्रसूतीनंतरच्या काळजीचा वस्तुपाठ तर महाराष्ट्रानेच दिला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरोघरी काळजी घेतली. तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये आशांमार्फत हे काम देशभर सुरू झाले. खेड्यातील स्त्रीच्या हाती शास्त्र दिले, तर ती काय करू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

आता आपले कर्तव्य. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली प्रथा गोड आहे, परंतु त्यामुळे तपासण्या सासरी आणि प्रसूती माहेरी असे होते. माता-बाल संरक्षण कार्ड लेकीबरोबर गेलेच पाहिजे. डोहाळेजेवणाच्या दिवशी साडी आणि पेढ्यांबरोबरच प्रसूती कोठे होणार, रात्री वाहन कोणाचे, रक्त कोण देणार, हेही ठरवावे. रुग्णालय निवडताना कळांच्या वेळी सोबत राहू देता काय, हिंडू देता काय, असे विनयाने पण ठामपणे विचारावे. बाळंतपण झाल्यावर डिंकाचे लाडू आणि शेक यांबरोबर ताप, अति रक्तस्राव, झटके, मनाची उदासी यांकडे लक्ष द्यावे. ‘बाळंतिणीला असे होतेच’ म्हणून ते टाळू नये.

आणि आपल्या घरातील एखाद्या बुद्धिमान मुलीने मला प्रसाविका व्हायचे आहे, असे म्हटले तर आपला चेहरा उतरू नये. हे काम ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले त्यांना आपण मान दिला नाही. ते ऋण फेडण्याचा मार्ग एकच आहे: त्या कामाला विद्या, वेतन आणि प्रतिष्ठा देणे. ज्या दिवशी बारशाच्या पाटाजवळ प्रसाविकेला पहिले कुंकू लावले जाईल, त्या दिवशी मातृशक्तीचा आपला जयघोष खरा ठरेल.

इतके बोलून मी थांबते.